तहनाम्यापासून ठरावापर्यंत : भारत सेवक समाज आणि महायुद्धोत्तर आंतरराष्ट्रीय कायदा

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात 'सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी'ची स्थापना केली आणि त्या दिवशी स्वतः शपथ घेऊन नटेश अप्पाजी द्रविड, अनंत विनायक पटवर्धन व गोपाळ कृष्ण देवधर या तीन सहकाऱ्यांना शपथ दिली. मराठीत 'भारत सेवक समाज' या नावाने ओळखल्या गेलेल्या या संस्थेचा, १९५२ साली दिल्लीत जवळजवळ याच नावाने स्थापन झालेल्या संस्थेशी संबंध नाही, हे आरंभीच नमूद करणे आवश्यक आहे. सभासदाच्या शपथेची कलमे सात होती, आणि त्यांतील सहाव्या कलमान्वये कोणाशीही वैयक्तिक भांडण न करण्याचे बंधन तो स्वीकारत असे. पैसा मिळवण्यासाठी शक्ती न खर्चण्याचे आणि जातिधर्माचा भेद न मानता सर्व हिंदवासीयांना बंधू समजण्याचे बंधनही त्याच शपथेत होते. पाच वर्षांच्या उमेदवारीत सभासदाने सरकारी अहवाल, अंदाजपत्रके, कायदे आणि इतिहास यांचा कसून अभ्यास करावा, असा गोखल्यांचा दंडक होता. दुष्काळनिवारण, सहकार, स्त्रीशिक्षण व कामगारहित या क्षेत्रांतील समाजाच्या कामाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्राराष्ट्रांमधील तंटे मिटवण्यासाठी जी नवी व्यवस्था उभी राहिली, तिच्या जवळजवळ प्रत्येक दालनात पुण्याच्या या लहानशा संस्थेचा एखादा सभासद बसलेला होता, ही गोष्ट तितकीशी ध्यानात घेतली गेलेली नाही. प्रस्तुत प्रकरणात त्या कामाचा मागोवा घेतला आहे.

राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहाराची भाषा पुण्याला नवखी नव्हती. पेशवाईच्या दप्तरांत तह, हमी, ओलीस आणि वकील हे शब्द पानोपानी येतात, व त्यांतील 'वकील' म्हणजे न्यायालयात बाजू मांडणारा कायदेपंडित नसून परक्या दरबारी आपल्या राज्याच्या वतीने राहणारा प्रतिनिधी होय. १७८२ च्या सालबाईच्या तहात तर इंग्रज आणि पेशवे या दोन्ही पक्षांकडून अटी पाळल्या जाव्यात म्हणून महादजी शिंदे हमीदार राहिले होते. तिसऱ्या पक्षाची हमी ही कल्पना, म्हणजे तह मोडणाऱ्याला जाब विचारणारा कोणीतरी असला पाहिजे हा विचार, आधुनिक आंतरराष्ट्रीय कायद्याच्या मुळाशी आहे. १८१८ नंतर मात्र या भूमीतील लोकांना तह करण्याचा अधिकारच उरला नाही, आणि पुढची शंभर वर्षे हिंदुस्थानच्या नावाने जे करार झाले, ते लंडनच्या इच्छेने झाले.

ही स्थिती बदलण्याची पहिली संधी महायुद्धाने दिली. डिसेंबर १९१८ मध्ये दिल्लीच्या काँग्रेस अधिवेशनाने शांतता परिषदेसाठी लोकमान्य टिळक, महात्मा गांधी आणि हसन इमाम यांची नावे सुचवली. सरकारने त्यांना तेथे जाऊ दिले नाही. चिरोल यांच्यावरील अब्रुनुकसानीच्या खटल्याच्या निमित्ताने लंडनमध्ये असलेल्या टिळकांनी मार्च १९१९ मध्ये परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहून स्वयंनिर्णयाचे तत्त्व हिंदुस्थानला लागू करण्याची मागणी केली, आणि आकार, साधनसंपत्ती व लोकसंख्या यांच्या बळावर हा देश आशियात शांततेचा आधारस्तंभ होऊ शकेल, असे प्रतिपादन केले. त्या पत्राला फळ आले नाही. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने भारतमंत्री एडविन माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी सह्या केल्या, आणि तहाचाच पहिला भाग असलेल्या राष्ट्रसंघाच्या करारनाम्यामुळे हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा मूळ सभासद झाला. पूर्ण स्वशासित राज्ये, डोमिनियने व वसाहती यांनाच सभासदत्व देणाऱ्या संघात स्वशासन नसलेला देश मूळ सभासद म्हणून बसला, ही विसंगती त्या काळच्या कायदेपंडितांनाही बुचकळ्यात टाकणारी होती. या विसंगत जागेचा उपयोग करावा की तिचा धिक्कार करावा, हा प्रश्न पुण्यातील दोन राजकीय परंपरांना वेगवेगळ्या दिशांनी घेऊन गेला. टिळकांच्या केसरीवाड्याने स्वराज्याचा हक्क आधी मागितला. समाजाने, आपल्या घटनेत ब्रिटिश संबंध मान्य करून साम्राज्यांतर्गत स्वराज्य हे ध्येय ठरवलेले असल्यामुळे, मिळालेल्या आसनावर बसून बोलण्याचा मार्ग पत्करला.

वॉशिंग्टनमधील मजूर परिषद

राष्ट्रसंघाची पहिली सर्वसाधारण सभा भरण्यापूर्वीच समाजाचा एक सभासद या नव्या व्यवस्थेत दाखल झाला होता. व्हर्सायच्या तहाचा तेरावा भाग मजुरांविषयी आहे, आणि सामाजिक न्यायावाचून टिकाऊ शांतता शक्य नाही हे त्याचे प्रास्ताविक तत्त्व आहे. त्यामागे व्यवहारी विचारही होता. एका देशातील कारखानदार मजुरांना बारा-चौदा तास राबवून माल स्वस्त करू लागला, तर शेजारी देशालाही तसेच करावे लागते, आणि या चढाओढीतून वैर वाढते; म्हणून कामाच्या अटी आंतरराष्ट्रीय करारांनी बांधाव्यात, असे ठरले. या करारांना मराठीत 'अभिसंधी' म्हटले जाते. परिषदेत अभिसंधी संमत झाली तरी ती आपोआप कोणत्याही देशावर बंधनकारक होत नाही. त्या देशाच्या सरकारने स्वतंत्रपणे मान्यता दिल्यावर, म्हणजे तिचे 'अनुसमर्थन' केल्यावर, ती लागू होते.

ऑक्टोबर १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेला हिंदुस्थानातील मजुरांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी गेले. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे जोशी समाजाचे सभासद होते आणि १९११ साली मुंबईत 'सोशल सर्व्हिस लीग' स्थापन करून गिरणगावाच्या चाळींत त्यांनी काम उभे केले होते. परिषदेने दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तासांच्या कामाची पहिली अभिसंधी संमत केली, परंतु हिंदुस्थानसाठी तिच्यात वेगळे कलम घालून आठवड्याची मर्यादा ६० तास ठेवली. आजच्या वाचकाला ही सवलत कामगारांवर अन्याय करणारी वाटेल, आणि ती तशी होतीही; तथापि मुंबईच्या गिरण्यांत मोठ्या माणसांचे कामाचे तास त्याआधी याहून बरेच अधिक होते, हे लक्षात घेतले म्हणजे पुढच्या पावलाचे मोल कळते. हिंदुस्थानने १९२१ साली या अभिसंधीचे अनुसमर्थन केले आणि १९२२ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ६० तास व दिवसाला ११ तास ही मर्यादा घातली. कारखान्यात कामाला लावण्याचे किमान वयही नऊवरून बारा वर्षे झाले. अटलांटिकपलीकडे झालेल्या एका करारातील आकडा परळ-लालबागच्या भोंग्याच्या वेळापत्रकापर्यंत पोहोचण्याचे हे पहिले उदाहरण होय.

या परिषदेचा आणखी एक परिणाम झाला, आणि तो योजनेबाहेरचा होता. तहाच्या ३८९ व्या कलमाप्रमाणे मजूर-प्रतिनिधीची निवड देशातील सर्वांत प्रातिनिधिक कामगार संघटनेच्या संमतीने व्हायला हवी होती. हिंदुस्थानात तशी अखिल देशीय संघटनाच नव्हती, आणि जोशींची नेमणूक सरकारने केली होती. नेमणुकीची ही रीत कामगार पुढाऱ्यांना खटकली. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आणि टिळकांचे सहकारी जोसेफ बॅप्टिस्टा यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, तिच्या निकडीच्या कारणांत हे कलम मोडते. पुढे जोशी स्वतः या संघटनेचे सरचिटणीस झाले, म्हणजे ज्या नेमणुकीवर आक्षेप घेतला गेला होता, तिचा धनीच आक्षेप घेणाऱ्या संघटनेचा आधार बनला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या नियामक मंडळावर त्यांनी अनेक वर्षे काम केले, आणि १९२२ मध्ये औद्योगिक दृष्ट्या प्रमुख आठ देशांपैकी एक म्हणून हिंदुस्थानला त्या मंडळावर जागा मिळाली.

श्रीनिवास शास्त्री : लंडन, जिनिव्हा, वॉशिंग्टन

गोखल्यांचे १९ फेब्रुवारी १९१५ रोजी निधन झाल्यावर समाजाचे अध्यक्षपद व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांच्याकडे आले. तंजावर भागात जन्मलेले आणि मद्रासेत शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले शास्त्री १९०७ मध्ये समाजात दाखल झाले होते. पुण्यातून निघणारे समाजाचे 'सर्व्हंट ऑफ इंडिया' हे इंग्रजी साप्ताहिक १९१८ साली त्यांच्याच संपादकत्वाखाली सुरू झाले. पुढे श्रीधर गणेश वझे यांनी दीर्घ काळ ते सांभाळले, आणि परदेशस्थ हिंदवासीयांचे प्रश्न त्याच्या अंकांतून सातत्याने मांडले गेले. १९२१ साल हे शास्त्र्यांच्या आंतरराष्ट्रीय कार्याचे खरे आरंभवर्ष म्हटले पाहिजे, कारण त्या एका वर्षात ते तीन परिषदांना उपस्थित राहिले.

पहिली लंडनची साम्राज्य परिषद. साम्राज्यात हिंदुस्थानचे स्थान समान मानले जात असताना, इतर भागांत कायदेशीर रीत्या स्थायिक झालेल्या हिंदवासीयांवर निर्बंध असणे विसंगत आहे, आणि त्यांचे नागरिकत्वाचे हक्क मान्य होणे इष्ट आहे, असा ठराव तेथे झाला. दक्षिण आफ्रिकेने तो स्वीकारला नाही. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल यान स्मट्स हे राष्ट्रसंघाच्या शिल्पकारांपैकी एक होते. संघाची रूपरेषा मांडणारी त्यांची पुस्तिका डिसेंबर १९१८ मध्ये प्रसिद्ध झाली होती आणि राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्यावर तिचा प्रभाव पडला होता. जगातील तंटे न्यायाने मिटावेत अशी मांडणी करणारा हा मुत्सद्दी आपल्या देशातील हिंदी माणसाला मताधिकार देण्यास तयार नव्हता. स्मट्स आणि शास्त्री या दोन माणसांमधील वाद पुढील पंचवीस वर्षे या प्रकरणाच्या केंद्रस्थानी राहतो, आणि म्हणून त्याची नोंद येथे विस्ताराने केली आहे.

दुसरी परिषद म्हणजे सप्टेंबर १९२१ मधील राष्ट्रसंघाची दुसरी सर्वसाधारण सभा. सर विल्यम मेयर व कच्छचे महाराव यांच्यासह शास्त्री जिनिव्हाला गेले. राष्ट्रसंघाच्या करारनाम्याने युद्ध सर्वस्वी निषिद्ध केले नव्हते, तर त्याला अटींचे कुंपण घातले होते. संबंध तुटण्याइतका गंभीर वाद उद्भवल्यास सभासद राष्ट्राने तो लवादाकडे, म्हणजे उभय पक्षांनी मान्य केलेल्या पंचांकडे, अथवा संघाच्या कार्यकारी मंडळाकडे चौकशीसाठी सोपवावा, आणि निवाडा किंवा अहवाल आल्यानंतर तीन महिने उलटेपर्यंत शस्त्र उचलू नये, असे बाराव्या कलमात म्हटले होते. चौदाव्या कलमानुसार हेग येथे कायमचे आंतरराष्ट्रीय न्यायालय स्थापन व्हायचे होते. पंच हे एका तंट्यापुरते निवडले जातात आणि काम संपताच पांगतात. न्यायालयाचे न्यायाधीश मात्र आधीच नेमलेले असतात व त्यांचे निवाडे पुढच्या निवाड्यांना वाट दाखवतात, हा या दोहोंतील फरक. या न्यायालयाच्या पहिल्या अकरा न्यायाधीशांची निवडणूक याच अधिवेशनात झाली, आणि सर्वसाधारण सभा व कार्यकारी मंडळ या दोहोंत स्वतंत्रपणे बहुमत मिळालेला उमेदवारच निवडून यावा, ही तिची पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या न्यायालयानेही पुढे कायम ठेवली.

शास्त्र्यांच्या आस्थेचा विषय मात्र 'मँडेट' प्रदेशांचा होता. पराभूत जर्मनी व तुर्कस्तान यांच्याकडून घेतलेले प्रदेश विजेत्यांनी खालसा न करता राष्ट्रसंघाच्या वतीने विश्वस्त म्हणून चालवावेत, अशी ही योजना होती, व तिचे तीन वर्ग पाडले होते. तिसऱ्या वर्गातील प्रदेश विश्वस्त राष्ट्राने स्वतःच्या मुलखाचाच भाग समजून, स्वतःच्या कायद्यांनी चालवायचे होते. नैऋत्य आफ्रिका दक्षिण आफ्रिकेकडे, न्यू गिनी ऑस्ट्रेलियाकडे आणि पश्चिम सामोआ न्यूझीलंडकडे अशा रीतीने गेले, आणि त्याबरोबर या देशांचे वर्णभेदी कायदेही तेथे लागू होण्याचा मार्ग मोकळा झाला. जर्मनांच्या अमलाखाली हिंदी माणसाची जी स्थिती होती, तिच्यापेक्षा ती राष्ट्रसंघाच्या विश्वस्तांखाली खालावू नये, हा शास्त्र्यांचा मुद्दा होता. दोनच वर्षांपूर्वी, एप्रिल १९१९ मध्ये, करारनाम्यात वंशसमतेचे तत्त्व घालण्याची जपानची सूचना १७ पैकी ११ मते मिळूनही एकमताच्या अभावी फेटाळली गेली होती. त्या दारावर पुन्हा थाप मारण्याचे काम शास्त्र्यांनी केले, आणि ते केवळ उदार विचारांच्या जोरावर केले नाही, विश्वस्ताची कायदेशीर व्याख्या हाती धरून केले.

तिसरी परिषद म्हणजे नोव्हेंबर १९२१ ते फेब्रुवारी १९२२ या काळात वॉशिंग्टनला भरलेली शस्त्रसंन्यास परिषद. अमेरिका, ब्रिटन, जपान, फ्रान्स व इटली यांच्या मोठ्या युद्धनौकांचे प्रमाण तेथे ५ : ५ : ३ : १.६७ : १.६७ असे ठरले; म्हणजे पहिल्या दोघांना प्रत्येकी ५,२५,००० टन, जपानला ३,१५,००० टन आणि उरलेल्या दोघांना प्रत्येकी १,७५,००० टन. या तहावर हिंदुस्थानच्या वतीने शास्त्र्यांची सही आहे. लढाऊ आरमार नसलेल्या देशाच्या प्रतिनिधीने, ज्याच्या संस्थेत वैयक्तिक भांडण न करण्याची शपथ घ्यावी लागते त्याने, जगातील बलाढ्य आरमारांच्या मर्यादेवर सही करावी, या घटनेचे व्यावहारिक महत्त्व थोडेच होते. परंतु आंतरराष्ट्रीय कायद्यात सहीला वजन असते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या प्रतिनिधींच्या बरोबरीने हिंदुस्थानची वेगळी सही होत गेल्यामुळेच तह करणारी स्वतंत्र व्यक्ती म्हणून या देशाचे कायदेशीर अस्तित्व स्वातंत्र्याच्या पंचवीस वर्षे आधी आकार घेऊ लागले, आणि १९४५ मध्ये तो संयुक्त राष्ट्रांचा संस्थापक सभासद होऊ शकला.

देशात या काळात असहकाराची चळवळ शिगेला पोहोचली होती. गांधीजींना मार्च १९२२ मध्ये अटक झाली, आणि सरकारच्या नेमणुकीने परदेशी गेलेल्या शास्त्र्यांवर कठोर टीका झाली. ती अकारण नव्हती. ज्या सरकारने त्यांना समतेची मागणी करण्यासाठी पाठवले, तेच देशात हजारो माणसांना तुरुंगात टाकत होते, आणि या विसंगतीचे समाधानकारक उत्तर समाजाकडे नव्हते. तरीही पुढचा इतिहास पाहता, त्यांनी कागदावर मिळवलेली कलमे वाया गेली असे म्हणता येत नाही. १९२२ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व कॅनडाचा दौरा केला, आणि १९२५ साली ऑस्ट्रेलियाने तेथील हिंदी रहिवाशांना संघीय निवडणुकीत मताधिकार दिला. १९२३ मध्ये केनियातील हिंदी रहिवाशांच्या हक्कांच्या प्रश्नावर लंडनने दिलेला निर्णय मात्र शास्त्र्यांच्या जिव्हारी लागला. डोंगराळ सुपीक प्रदेश गोऱ्यांसाठीच राखलेला राहिला, आणि सौम्य स्वभावाच्या या माणसाने साम्राज्य प्रदर्शनावरील बहिष्काराला उघड पाठिंबा दिला.

केपटाउनचा करार

दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचा प्रश्न समाजाला वारशानेच मिळाला होता. नाताळच्या उसाच्या मळ्यांवर कराराने बांधलेले मजूर, ज्यांना 'गिरमिटिया' म्हणत, १८६० पासून जात होते. गोखल्यांनी १९१० मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात मांडलेल्या ठरावानंतर १९११ पासून ही नाताळची भरती थांबली. १९१२ मध्ये त्यांनी स्वतः त्या देशाचा दौरा केला आणि गांधीजींच्या लढ्याला येथून पैसा व पाठबळ दिले. १९१४ च्या गांधी-स्मट्स समझोत्याने काही काळ शांतता आली, परंतु १९२५ मध्ये हिंदी लोकांना वस्ती व व्यापारासाठी वेगळ्या भागांत डांबणारे विधेयक तेथे पुढे आले.

येथे एक कायदेशीर अडचण समजून घेतली पाहिजे. हिंदुस्थान व दक्षिण आफ्रिका हे दोन्ही राष्ट्रसंघाचे सभासद असूनही हा तंटा जिनिव्हा वा हेगपर्यंत नेता येत नव्हता. साम्राज्याच्या घटकांमधील संबंध हा घरगुती मामला असून त्यास आंतरराष्ट्रीय कायदा लागू होत नाही, असा ब्रिटनचा पवित्रा होता. आणि १९२९ मध्ये हिंदुस्थानने हेगच्या न्यायालयाचे सक्तीचे अधिकारक्षेत्र मान्य केले, तेव्हाही साम्राज्यांतर्गत वाद त्यातून वगळले गेले. शिवाय करारनाम्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे एखादी बाब राष्ट्राच्या सर्वस्वी अंतर्गत अधिकारात येत असेल, तर राष्ट्रसंघाला शिफारसही करता येत नसे. न्यायालय नाही, लवाद नाही, हमीदार नाही, अशा स्थितीत समोरासमोर वाटाघाट हाच एक उपाय उरला होता.

ती वाटाघाट १७ डिसेंबर १९२६ पासून केपटाउनला झाली. सर मुहम्मद हबीबुल्ला हिंदी शिष्टमंडळाचे प्रमुख होते व शास्त्री त्याचे सदस्य होते. फेब्रुवारी १९२७ मध्ये दोन्ही देशांत जाहीर झालेल्या कराराप्रमाणे वेगळ्या वस्तीचे विधेयक मागे पडले. स्वेच्छेने मायदेशी परतणाऱ्यांना आर्थिक साहाय्य देण्याची योजना ठरली. तेथेच राहणाऱ्या हिंदी लोकांना शिक्षणादी बाबतींत मागे पडू दिले जाणार नाही, असे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने मान्य केले. आणि हिंदुस्थान सरकारचा एक कायमचा 'एजंट' तेथे राहावा, असे ठरले. परतीच्या योजनेला सौम्य शब्दांतील हकालपट्टी म्हणणारे टीकाकार होते, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. तथापि उन्नतीचे कलम ही करारातील खरी कमाई होती, कारण आपल्या देशातील हिंदी रहिवाशांना कसे वागवावे हा प्रश्न दुसऱ्या देशाशी केलेल्या कराराचा विषय होऊ शकतो, हे दक्षिण आफ्रिकेने त्या कलमाने लेखी कबूल केले.

समाजाचे अध्यक्षपद गोपाळ कृष्ण देवधरांकडे सोपवून शास्त्री १९२७ मध्ये पहिले एजंट म्हणून तेथे गेले. समाजाचे सभासद पी. कोदंडराव त्यांचे चिटणीस होते. पुण्याच्या जुन्या भाषेत सांगायचे तर ते परक्या दरबारातील वकील झाले. त्यांनी कराराची अंमलबजावणी गावोगावच्या सभांतून, गोऱ्या नागरिकांशी बोलून आणि शाळांसाठी निधी गोळा करून चालवली. दर्बनमध्ये हिंदी मुलांसाठी उभे राहिलेले आणि १९२९ मध्ये सुरू झालेले शास्त्री महाविद्यालय हे त्या उन्नतीच्या कलमाचे विटा-चुन्यातील रूप होय. १९३२ मध्ये कराराचा फेरविचार करण्यासाठी दुसरी परिषद झाली, तेव्हा सरोजिनी नायडू यांच्याबरोबर शास्त्री पुन्हा केपटाउनला उपस्थित होते.

करारावर आधारलेली फिर्याद

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा करार मोडीत निघाला. १९४३ च्या कायद्याने दर्बनमध्ये हिंदी व गोऱ्या लोकांतील मालमत्तेचे व्यवहार गोठवले, आणि १९४६ मध्ये स्मट्स सरकारने हिंदी लोकांच्या जमीनधारणेवर कायमचे निर्बंध लादले. त्यापूर्वी एक वर्ष, सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या प्रास्ताविकात मूलभूत मानवी हक्कांचा उल्लेख यावा यासाठी स्मट्स यांनीच लेखणी झिजवली होती. २२ जून १९४६ रोजी हिंदुस्थानने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार दाखल केली, व्यापार तोडला आणि आपला हायकमिशनर परत बोलावला. शास्त्र्यांचे १७ एप्रिल १९४६ रोजी मद्रासेत निधन झाले होते. आपल्या कराराचा हा पुढचा प्रवास त्यांना पाहता आला नाही.

त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत विजयालक्ष्मी पंडित यांनी हिंदी शिष्टमंडळाचे नेतृत्व केले, आणि मुंबईचे बॅरिस्टर एम. सी. छागला त्याचे एक सदस्य होते. स्मट्स यांचा बचाव सनदेच्या दुसऱ्या कलमातील सातव्या पोटकलमावर आधारलेला होता. राष्ट्राच्या अंतर्गत अधिकारक्षेत्रात संयुक्त राष्ट्रांना हस्तक्षेप करता येत नाही, तेव्हा आधी हेगच्या न्यायालयाचे मत घ्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. हिंदी लोक हे दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक असल्यामुळे वरवर पाहता हा बचाव भक्कम होता. त्याला दिलेल्या उत्तरात केपटाउन करार मध्यवर्ती ठरला. जी बाब दोन सरकारांनी १९२७ व १९३२ मध्ये आपसात ठरवली, ती आता केवळ अंतर्गत कशी म्हणता येईल, हा हिंदुस्थानचा प्रश्न होता. तो करार म्हणजे बंधनकारक तह नसून केवळ धोरणाचे निवेदन होते, असे दक्षिण आफ्रिकेने सांगून पाहिले. ८ डिसेंबर १९४६ रोजी सभेने ३२ विरुद्ध १५ मतांनी, सात राष्ट्रे तटस्थ असताना, आवश्यक ते दोन-तृतीयांश बहुमत गाठून ठराव संमत केला. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांना मिळणारी वागणूक उभय सरकारांमधील करारांनुसार असलेल्या आंतरराष्ट्रीय दायित्वांशी व सनदेच्या तरतुदींशी सुसंगत असावी, असे त्यात म्हटले आहे. एकोणीस वर्षांपूर्वी ज्या कराराला अनेकांनी दुबळा म्हटले होते, त्याचे नाव जगातील राष्ट्रांच्या सभेने दायित्व म्हणून नोंदवले. एखाद्या मुत्सद्द्याने केलेला करार त्याच्या हयातीत पाळला गेला की नाही, एवढ्यावरूनच त्याची परीक्षा करू नये, असे मानण्यास या घटनेत पुरेसा आधार आहे.

या वादाच्या पुढच्या टप्प्यावरही समाजाचाच अध्यक्ष उभा होता. १९३६ ते १९७८ अशी बेचाळीस वर्षे समाजाची धुरा वाहणारे पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या नेतृत्वाखाली भारताचे शिष्टमंडळ फेब्रुवारी १९५० मध्ये प्राथमिक बोलणी करण्यासाठी केपटाउनला गेले. गोलमेज परिषद भरवण्याचे तेथे ठरले. पण त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेने वंशानुसार वस्त्या विभागणारा 'ग्रुप एरियाज' कायदा संमत केल्यामुळे भारताने त्या परिषदेतून अंग काढून घेतले. त्यानंतर हा विषय दरवर्षी संयुक्त राष्ट्रांसमोर येत राहिला, आणि १९६२ मध्ये तो वर्णभेदाच्या व्यापक प्रश्नात विलीन करण्यात आला.

कुंझरू यांना त्याआधीच एक उणीव तीव्रतेने जाणवली होती, ती म्हणजे सरकारच्या आधाराशिवाय परराष्ट्र संबंधांचा अभ्यास करणारी संस्था देशात नसणे. १९४३ मध्ये सर तेजबहादूर सप्रू यांच्यासह त्यांनी 'इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स' स्थापन केली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, मार्च-एप्रिल १९४७ मध्ये, दिल्लीत आशियाई संबंध परिषद भरवण्याचे श्रेय या संस्थेकडे जाते. तिच्याच पुढाकाराने १९५५ मध्ये सुरू झालेली आंतरराष्ट्रीय अभ्यासाची स्वतंत्र शाळा १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा भाग झाली.

पुण्यात या परंपरेचे अभ्यासकेंद्र समाजाच्याच आवारात आहे. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून ६ जून १९३० रोजी समाजाने गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन केली, आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. समाजाने १९०५ पासून जमवत आणलेला ग्रंथसंग्रह या संस्थेच्या ग्रंथालयाचा पाया आहे. आज गाडगिळांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ग्रंथालयाला संयुक्त राष्ट्रांची प्रकाशने ठेव म्हणून मिळत आली आहेत.